सिस्टर पास झाली

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी मी चालू गिरणी बंद केली, हौसाक्काचा ज्वारीचा डबा उचलला आणि बाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला. निम्मी ज्वारी दळून झाली होती, निम्मी तशीच. “दुसरीकडं दळा,” एवढंच म्हणालो. गिरणी घातल्यापासून कुणाचं दळण मी परत केलेलं नाही. धान्याचा अपमान झाला, त्याची देवाजवळ क्षमा मागितली. हौसाक्काची मागणार नाही.

गिरणीच्या आवाजात बायका मोठ्याने बोलतात आणि त्यांना वाटतं मला ऐकू जात नाही. हौसाक्का शेजारणीला सांगत होती, “सिस्टर आता पयल्यागत ऱ्हायली न्हाई गं. दवाखान्यातलंच कायबाय पीत आसंल. एकाच पोराला येकच सुई दोनदा टोचली. मेलं आसतं म्हंजी?”

सिस्टर म्हणजे माझी बायको संयोगिता. आमच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या बहुतेक पोरांना पहिली सुई हिच्या हातची. हौसाक्काच्या दोन्ही नातवांनासुद्धा. ती तेव्हा पाया पडायची हिच्या.

झालं ते असं. लसीच्या दिवशी हिने एका बाळाला डोस दिला आणि थोड्या वेळाने त्याच बाळाला परत बोलावून परत दिला. बाळाला ताप आला, उतरला. आता वरून नोटीस आली आहे, चौकशी होणार. लसीच्या कामात गावातली आशा कार्यकर्ती, आशाताई, हिच्या मदतीला असते. ही म्हणते, “म्या एकदाच दिली. आशाताईनं घोळ केला.” माझा हिच्यावर विश्वास आहे.

माझ्या तोंडून शिवी निघत नाही.  बोलून दाखवायला जागा नाही, म्हणून इथे लिहितो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गॅरेजवाल्या नियाजशी भांडलो. महिन्यापूर्वी त्याने हिच्या स्कूटीचं काम केलं होतं. काल ही वस्तीवर जायला निघाली ती भलत्याच रस्त्याला, म्हसवडच्या बाजूला, गाडी धरून उभी. मेंढरं घेऊन निघालेल्या माणसाने ओळखलं आणि घरी आणून सोडलं. ही म्हणाली गाडी बंद पडली.

नियाजने बटण दाबलं. गाडी लगेच सुरू. “किसनातभाऊ, गाडीत काय बी न्हाई. पेट्रोल हाय, प्लग चांगला हाय. तुमीच बसून बगा.”

“मग माझी बायको खोटं बोलती व्हय रं?”

चार माणसं बघत होती. नियाज फडक्याला हात पुसत राहिला. पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत, त्याचाही राग आला. यंत्राचं असंच असतं. दाखवायला नेलं की नीट चालतं.

भाकरी मीच केल्या. संक्रांतीपासून हिचा हात दुखतो, त्यामुळे सकाळचं मी बघतो. वेणीही घालून देतो. फार दमते बिचारी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सिद्धनाथाचा उपास. क्रांती सांगलीहून आली. तिथे फार्मसीला आहे आमची लेक. आली तशी आईच्या मागे मागे फिरत होती, पोलिसासारखी. संध्याकाळी माझ्याजवळ गिरणीत आली.

“आप्पा, आईनं चहात दोनदा साखर घातली. तिसऱ्यांदा घालत होती, मी हात धरला.”

“तुला गोड लागतो म्हणून घातली आसंल.”

“तिनं मला विचारलं, क्रांती कवा येणार हाय.”

मी पट्टा तपासायला वाकलो. ती म्हणाली, सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. मी ओरडलो तिच्यावर. पिठाने माखलेल्या त्या खोलीत माझा आवाज मलाच परका वाटला. रात्री मेव्हण्याचा, नानासोचा, जतहून फोन. फौजेतून रिटायर झाल्यापासून तो सगळ्यांना हुकूम सोडतो. “दाजी, डोक्याच्या डॉक्टरकडं नेऊ नगासा. गावात कळलं तर क्रांतीला कोण करून घील?” त्याचं बोलणं मला पटलं. पण फोन ठेवल्यावर सांगलीला जायचं ठरवलं ते मीच. नानासोने नको म्हटलं म्हणून असेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगली. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण शांत. हिला घड्याळ काढायला सांगितलं. हिने गोल काढला, सुबक. मग सगळे आकडे एका बाजूला एकाखाली एक लिहिले, आणि काटे काढायचे राहिले ते राहिलेच. सिरिंजवरची बारीक रेघ बघून औषध भरणारी माणूस ही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

मेंदूचा फोटो, रक्त, आणखी कसली कसली तपासणी. शेवटी बाई म्हणाल्या, अल्झायमर. या वयात कमी जणांना होतो, पण होतो. गोळ्यांनी बरा होत नाही, थोडा काळ धीमा पडतो. “लवकर आलात हे चांगलं केलंत. अजून त्यांना स्वतःचं ठरवता येतंय. काय हवं, काय नको, ते आत्ता विचारून घ्या.”

हिने मध्येच विचारलं, “मला सुई कवापतुर देता यील?”

“सिस्टर, आता नाही द्यायची.”

हिने मान हलवली. दवाखान्यातून आम्ही चालत कृष्णेच्या घाटावर गेलो. बाजारातून हळदीचा वास येत होता, नाकात झोंबणारा. पायरीवर बसल्यावर ही म्हणाली, “मला ठावं हुतं.”

“काय?”

“हेच. वरीस झालं. आशाताई हळूच सांगायची, ह्याला झालं, ह्याला ऱ्हायलं. त्या दिशी ती रजेवर हुती.”

माझं डोकं फिरलं. तिच्यावर खापर फोडलं होतंस, म्हणालो. मला का सांगितलं नाहीस, म्हणालो. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका बघायला लागल्या.

“सांगितलं आसतं तर सुई धरू दिली आसती का तुमी?”

मी उठलो. हिने हात धरून परत खाली बसवलं.

“आता ऐका. ध्यानात हाय तवर सांगते. मला आजारी म्हना, येडी म्हना. पर चौकशीत निष्काळजी म्हणून शिक्का मारून मला घरी बसवू देऊ नगासा. मी काम चोरलं न्हाई कवा.”

मी हो म्हणालो. हिच्यावर रागावून हो म्हणालो.

५ मार्च, बुधवार

तालुक्याच्या साहेबांना भेटलो. त्यांनी सगळे कागद वाचले. मग म्हणाले, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही. सुई काढून घेतील, बसून करायचं काम देतील, ते नाही जमलं तर नुसतं पटावर ठेवतील, पण पगार आणि पेन्शन राहते. चौकशीतही आजार म्हणून धरतील. मात्र साताऱ्याच्या वैद्यकीय मंडळाचा दाखला लागेल, आणि तो चाळीस टक्क्यांच्या खाली चालणार नाही.

“नुसता खाजगी डॉक्टरचा कागद चालत न्हाई का?”

“नाही चालत. मंडळ स्वतः तपासतं. काळजी करू नका, आजार आहे तो दिसणारच.”

आजार दिसणारच. हे वाक्य मला चाबकासारखं लागलं. चारचौघांत माझी बायको उघडी पडणार, असंच मला ऐकू आलं.

१४ मार्च, शुक्रवार

तयारी चालली आहे. संध्याकाळी गिरणी बंद केली की अंग झटकून हिच्यासमोर बसतो. आज वार कोणता, महिना कोणता, जिल्हा कोणता. शंभरातून सात वजा करत जायचं. पहिले दिवस काही जमेना. मी तिला सारखं सारखं म्हणवून घेतलं, शाळेत पाढे म्हणवतात तसं. आता वार बरोबर येतो. वजाबाकी सुरात म्हटली की जमते.

नानासो आला आहे. तो पवित्रा शिकवतो. “आक्का, ताठ बस. डॉक्टरच्या डोळ्यात बगून बोल. मेडिकलला पडायचं न्हाई.” ही हसून सॅल्यूट ठोकते. कितीतरी दिवसांनी घरात हसणं झालं.

आमच्या भागात तरणी पोरं डॉक्टरसमोर उभी राहतात ती भरतीसाठी. छाती फुगवायची, दुखरा गुडघा लपवायचा, विचारलं तर काही नाही म्हणायचं. मीही एकदा कोल्हापूरला असाच उभा होतो. तळपाय सपाट निघाले आणि घरी आलो. वडील महिनाभर बोलले नाहीत. हिच्यावर ती वेळ नको.

क्रांतीचा फोन. “आप्पा, तुम्ही तिला शिकवताय?”

“तिची फजिती होऊ दिऊ का?”

“होऊ द्या ना!”

अशा लेकीला काय म्हणावं. फोन ठेवून दिला.

१९ मार्च, बुधवार

सातारा. पहाटे हिला अंघोळ घालून मोतिया साडी नेसवली, गजरा माळला. देवाला नारळ फोडला. मंडळात तीन डॉक्टर. ही आत जाताच ताठ बसली. वार सांगितला. जिल्हा सांगितला. शंभरातून सात सुरात म्हणाली, चार वेळा, एकदाही न अडखळता. नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा लाजली. आमच्याकडे बायका नाव घेत नाहीत, हे डॉक्टरांनाही माहीत. एक जण गमतीने म्हणाले, “उखाण्यात घ्या की, सिस्टर.” आणि ही लगेच:

“माळावरच्या बाजरीला मोत्यावाणी दाणा, किसनातरावांचं नाव घेते, आता तरी पुरे म्हणा.”

तिघेही हसले. “पाठांतर आमच्यापेक्षा चांगलंय तुमचं,” म्हणाले. लग्नातला उखाणा. माझा ऊर भरून आला.

मग मला विचारलं. स्वयंपाक? करते. कपडे, अंघोळ? “सगळं करते, साहेब. घर अगदी लख्ख ठेवते.” त्यांनी परत विचारलं, काही अडचण? मी म्हटलं, जरा विसरते.

येताना एसटीत ही माझ्या खांद्यावर झोपली. पास झालो असं वाटलं.

३ एप्रिल, गुरुवार

दाखला आला. वीस टक्के.

वीस! सांगलीच्या बाईंनी मेंदूचा फोटो काढला, त्यात दिसतंय, आणि या तिघांनी उखाणा ऐकून हसत हसत वीस लिहिले. कोणाचं घर बुडतंय याची जाण आहे का यांना? खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसऱ्याची बायको म्हणजे एक फाईल. कुणाचे तरी हात ओले करायला हवे होते, असं नानासो म्हणतो. मलाही तेच वाटायला लागलं आहे. आज देव्हाऱ्यात दिवा लावला नाही. लावायला बसलो आणि काडी विझवून उठलो. मी काय मागितलं होतं? लाज राख म्हणालो होतो, एवढंच.

ही विचारते, “काय आलं वो कागदात?” मी म्हटलं, अजून यायचंय.

१३ एप्रिल, रविवार

क्रांती आली. कागद वाचला, घडी घातली.

“आता त्या डॉक्टरांना शिव्या देऊन काय उपयोग आप्पा? तुम्हीच तिला पास केलंत.”

मी म्हणालो, चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवू नकोस. ती थांबली नाही. “आंघोळ कोण घालतं? साडी कोण नेसवतं? भाकरी कोण करतं? हे तुम्ही सांगितलंत का तिथं?”

“हिचा हात दुखतो.”

“हात दुखत नाही तिचा. भाकरी कशी थापायची ते तिला आठवत नाही.”

मी जेवलो नाही. उपासच होता, तो सोडला नाही एवढंच. लेकीचं लग्न झालं की तिला कळेल, घरातल्या कुठल्या गोष्टी बाहेर बोलायच्या आणि कुठल्या नाहीत.

९ मे, शुक्रवार

आज चौकशी झाली. उपकेंद्रातच. ज्या टेबलावर ही बाळांचं वजन करायची त्याच टेबलापलीकडे वरून आलेले साहेब बसले. बाळाची आई, हौसाक्का, आशाताई, निम्मं गाव दारात. मला हिच्या शेजारी बसू दिलं.

“सिस्टर, डोस दोनदा दिला?”

“एकदाच दिला.”

“नोंद दोनदा आहे, तुमच्याच अक्षरात.”

“मग दोनदा दिला आसंल.”

“आत्ता तर एकदा म्हणालात.”

ही माझ्याकडे बघायला लागली, मी घरी वार सांगायचो तसा आता काही सांगेन म्हणून. साहेबांनी पेन खाली ठेवलं. चिडलेले नव्हते, उलट आवाज खाली आणला. “सिस्टर, तुम्हाला काही व्यसन आहे का? गोळ्या वगैरे घेता का कसल्या?”

दारातून कुणीतरी हसलं. आशाताई रडायला लागली. मी उठून सांगायला हवं होतं, साहेब, हिला आजार आहे, ही घरी अंघोळसुद्धा… वाक्य ओठांवर आलं आणि दारातली हौसाक्का दिसली. मी म्हणालो, “साहेब, ती दमलीय.”

साहेबांनी लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत आहे.

घरी आल्यावर हिने विचारलं, आज गर्दी कशाची होती. मी गिरणीत गेलो आणि धान्य न घालता गिरणी सुरू केली. दगडी पाटे एकमेकांवर घासले, ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला. तरी बंद करेना. कोणावर चिडलो होतो? हौसाक्का, साहेब, तीन डॉक्टर, नानासो, देव. एकेकाचं नाव घेतलं. शेवटी एकच माणूस राहिला, आणि तो गिरणीच्या बटणाजवळ उभा होता.

पाटे बदलावे लागतील.

१२ मे, सोमवार

क्रांतीला फोन करून फेरतपासणीचा अर्ज कुठे करायचा ते विचारलं. ती एकदम रडली. मी म्हटलं, रडायचं नंतर, आधी सांग. नानासोला कळवलं नाही.

२२ जून, रविवार

मंडळाची तारीख मिळाली. हिला शिकवायचं नाही, असं ठरवलं आहे. ठरवणं सोपं गेलं. संध्याकाळी ही स्वतःच माझ्यासमोर येऊन बसते, आज काय म्हणायचं म्हणून. तिला ती बैठक आवडायला लागली होती. मी म्हणतो, आज सुट्टी. मग ती तशीच बसून राहते. कालपर्यंत येणारा वार आज गेला. माझ्यामुळे थांबला होता आणि माझ्यामुळे गेला, असं वाटतं. असं नसतं, क्रांती म्हणते. पण वाटतं.

दिवा परत लावायला लागलो. बोलणं मात्र अजून नाही देवाशी.

१६ जुलै, बुधवार

साताऱ्याहून आत्ता आलो. ही झोपली आहे.

साडी हिने जशी गुंडाळली तशीच राहू दिली, सुटू नये म्हणून दोन पिना लावल्या. तेच मंडळ, त्यातले एक डॉक्टर तेच. त्यांनी ओळखलं. “काय सिस्टर, आज वार कोणता?”

ही माझ्याकडे वळली. मी खिडकीकडे बघितलं. “आवं, सांगा की,” ही म्हणाली. जिभेवर होता बुधवार. दात आवळून धरला. “सांगा की वो,” परत म्हणाली, हळू, कावरीबावरी होऊन. मग मान खाली घालून बसली. उखाणा विचारला तर पहिली ओळ दोनदा म्हणाली आणि नाव आलंच नाही.

डॉक्टर मला म्हणाले, “घरचं सांगा. सिस्टरना बाहेर बसवू का?”

हो म्हणणार होतो. ही म्हणाली, “भाईर कशाला? माझंच हाय न्हवं?”

मग मी सांगितलं. गॅस तसाच सोडते. भाकरी येत नाही. आपल्याच आळीत चुकते. लेकीला लेक कवा येणार म्हणून विचारते. साडी उलटी नेसते. सांगताना राग येत होता, तिन्ही डॉक्टरांवर, पंख्यावर, माझ्या स्वतःच्या आवाजावर.

“आंघोळ?”

“कधीमधी मी घालतो.”

ही जमिनीकडे बघत होती. म्हणाली, “कधीमधी न्हाई. रोज.”

 मी म्हणालो, “साहेब, गेल्या खेपेला मी हिला शिकवून आणली होती. पंधरा दिवस घरात घोकून घेतलं. तुमची चूक नव्हती त्यात.” डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहीत राहिले. किती टक्के लिहिले ते कळायला दिवस लागतील. चौकशीचा निकाल अजून लागलेला नाही; आजच्या तपासणीच्या कागदाची प्रत त्या साहेबांना कशी पाठवायची, तेही डॉक्टरांना विचारून घेतलं.

एसटीत ही माझ्याजवळ बसेना. “तिकडं बसा,” म्हणाली. मी मागच्या सीटवर बसलो. दहिवडी गेल्यावर ती वळली. चेहरा रागाने लाल.

“तुमी मला लोकांम्होरं काय तरी वंगाळ बोललासा. काय बोललासा?”

तिला आठवत नव्हतं. राग तेवढा राहिला होता. काही नाही गं, म्हटलं असतं तर ती घरी पोचेपर्यंत विसरली असती.

मी पुढे वाकून सांगितलं. सगळं, गॅसपासून अंघोळीपर्यंत, आणि का सांगितलं तेही. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून बघितलं तरी थांबलो नाही.